वनमालावैनीची पट्टी आणि हनुमानभाऊची कंबर

"कंबरदुखीची पट्टी हाय ही," असं मी भर दुकानात, सात-आठ गड्यांसमोर, छाती पुढं काढून सांगून टाकलं. विचारलं कुणीच नव्हतं. राधाकिशन मुकादम फक्त माझ्या हातातल्या डबीकडं टक लावून बघत होता आणि वनमालावैनी काउंटरच्या पलीकडं पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरलेला बघून मला वाटलं, आपण आता काहीतरी हुशारीचं बोललं पाहिजे. मी हुशारीचं बोलायला गेलो की कुणाचं तरी नुकसान होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मलाच तेवढं उशिरा कळतं.

केजला बसस्टँडच्या अंगाला माझं मेडिकल आहे. डी.फार्म. मी अंबाजोगाईला केलं, दोन वर्षांचा कोर्स तीन वर्षांत, अगदी सावकाश समजून घेऊन. गिऱ्हाईकं मला डॉक्टर म्हणतात आणि मी त्यांची चूक काढत नाही. वनमालावैनी आणि हनुमानभाऊ आमच्याच गावचे, भावकीतले. मी नात्यानं दीर, त्यामुळं वैनी येता-जाता माझी खेचायच्या. माझं लग्न जमत नाही ते कावून, माझ्या गोळ्यांनी माणूस मरत कसं नाही, असले त्यांचे विषय. मीही उसनं ठेवत नसे.

तर ती पट्टी कंबरदुखीची नव्हती. बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचा जो हार्मोन आपला आपण तयार होतो, तो कातडीतून हळूहळू आत सोडणारी ती पट्टी होती. वैनींच्या अंगात तो तयार होणं पंचविसाव्या वर्षीच थांबलं होतं.

झालं होतं असं. ओटीपोटात दुखतं म्हणून त्या एका खाजगी दवाखान्यात गेल्या. तिथं सांगितलं, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. ऊसतोडीला निघायच्या आत उरकून घ्या. उरकलं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, हे त्यांना पाच वर्षांनी कळलं. सासूबाई, म्हणजे केसरबाई, तेव्हा म्हणाल्या होत्या, बरं झालं, दर महिन्याची कटकट गेली, आता सून कामाला मोकळी. मोकळी झालेली सून त्या वर्षी पौषातल्या थंडीत वाकळ फेकून पाचटाच्या कोपीबाहेर जाऊन बसायची. अंगातून भट्टी पेटल्यासारखी वाफ निघायची. मान भिजायची, काळीज धडधडायचं, झोप म्हणून नाही. आणि कशाचंही रडू यायचं. भाकरी करपली तरी रडू, नाही करपली तरी रडू. टोळीतल्या बायकांनी बाहेरचं काहीतरी असेल म्हणून लिंबंसुद्धा उतरवली.

शेवटी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात मंजुषा मॅडमनी कागद बघितले आणि कारण सांगितलं. शरीरात जे राहिलं नाही ते बाहेरून द्यावं लागेल, निदान पन्नाशीपर्यंत. गोळ्या सुरू झाल्या, त्या माझ्या दुकानातून जायला लागल्या, आणि दीड-दोन महिन्यांत वैनी पुन्हा माझ्या लग्नाच्या चौकशा करायला लागल्या. मला वाटतं, औषध लागू पडल्याची तीच खूण.

घरी मात्र त्यांनी सांगितलं, रक्तवाढीच्या गोळ्या आहेत.

यातलं कारण बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, हिशेब धरतो तो कोयत्याचा. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. दोघांतलं एक बसलं की कोयता मोडला. गडी बसला तर त्याच्या जागी दुसरा गडी येत नाही, कारण कोयता त्याच्या नावावर. बाई बसली तर मात्र दुसरी बाई बघतात. आमच्या भागात अशी लग्नं झालेली आहेत आणि त्यांच्या जेवणावळीत मी जेवलेलोही आहे. केसरबाईंच्या बहिणीची एक पोर नवऱ्यानं टाकलेली, घरीच होती. केसरबाई तिचं नाव अधूनमधून काढायच्या, भाजीत मीठ बघितल्यासारखं. वैनींना वर्षानुवर्षं औषध लागणार आहे हे त्या घरात कळणं म्हणजे त्या पोरीला सांगावा धाडण्यासारखंच होतं.

म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या. "तुमी बी तेच सांगायचं, भाऊजी," असं मला बजावलेलं. मीही तेच सांगत होतो.

गेल्या दसऱ्याला वैनींचा डावा पाय पोटरीपासून सुजला. मंजुषा मॅडमनी तपासून सांगितलं, शिरेत रक्ताची गुठळी झालीय, गोळ्या आजपासून बंद. हे औषध तोंडानं घेतलं की ते आधी यकृतातून जातं आणि रक्त गोठायची शक्यता वाढते. तेच कातडीतून दिलं तर तो धोका जवळजवळ राहत नाही. म्हणून आता पट्टी. आठवड्यातून दोनदा बदलायची, कमरेखाली किंवा ओटीपोटावर, कोरड्या कातडीवर. शिवाय रक्त पातळ करायची गोळी काही महिने. आणि या वर्षी ऊसतोड नको, असंही मॅडम म्हणाल्या. वैनी हो म्हणाल्या. उचल आधीच घेऊन झाली होती, ते त्यांनी मॅडमना सांगितलं नाही.

एवढं सगळं मला ठाऊक असताना, बाजारच्या दिवशी मुकादमाची नजर त्या डबीवर गेली, आणि मी ते कंबरदुखीचं बोललो. वैनींनी सुटकेचा श्वास टाकला, मला बरं वाटलं. दुकानाच्या पायरीवर हनुमानभाऊ तंबाखू मळत बसला होता, तिकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.

टोळी गोदाकाठच्या एका कारखान्याला गेली. जिल्ह्यातच. पोराकडं लक्ष राहील म्हणून वैनींनी हट्ट धरला होता. पोरगा गावात केसरबाईंजवळ शाळेत. खरं कारण अंबाजोगाई जवळ राहावी हे होतं.

पहिला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज ठीक होता. पट्टी टिकत नाही म्हणाल्या. उसाच्या फडात घाम, पाचटाची धूळ, अंगभर पात्यांची बारीक कूस, संध्याकाळपर्यंत कडा सुटायच्या. मी चिकटपट्टी लावायचे दोन उपाय सांगितले. त्या म्हणाल्या, नवऱ्याला बांधून ठेवायचा उपाय असंल तर तो बी सांगा. मी हसलो. त्या कशाबद्दल बोलत होत्या ते मला कळलं नव्हतं.

दुसरा फोन संक्रांत आठवड्यावर आली तेव्हाचा.

"भाऊजी, त्या जुन्या गोळ्या द्या पाठवून. ट्रॅक्टरवाल्याजवळ द्या."

मी म्हणालो, जुन्या गोळ्या आणि सोडलेली सोयरीक, पुन्हा तोंड लावू नये. त्या हसल्या नाहीत. मी विचारलं, पट्ट्या कुठं गेल्या, मागच्याच महिन्यात महिनाभराच्या नव्या आठ धाडल्या होत्या.

"सरल्या. तुमचे भाऊ लावायलेत."

मग एकेक सगळं उलगडलं. हनुमानभाऊनं पायरीवर बसून ऐकलं होतं की पट्टी कंबरदुखीची आहे. दिवसभर वाकून ऊस तोडणाऱ्या माणसाची कंबर दुखणारच. आणि कोयत्याची रीत अशी की जे येईल ते दोघांत. भाकर अर्धी-अर्धी, चहा एका ग्लासात, वाकळ एकच. मग पट्टीही एक तुला, एक मला. त्यानं वैनींच्या चार पट्ट्या अशा हिश्शानं घेतल्या, त्यातही पहिली पट्टी आधी बायकोला लावून. त्याच्याइतका न्यायी नवरा त्या टोळीत दुसरा नसेल. वैनी नको म्हणू शकत नव्हत्या, कारण नको म्हटलं की का ते सांगावं लागणार. त्यांनी आपल्या वाट्याच्या पट्ट्या कात्रीनं अर्ध्या करून पुरवल्या. मग त्याही संपल्या.

"काल मोळी डोक्यावर घेतली," वैनी सांगत होत्या, "आन कुठं न्यायची तेच इसरले. फडाच्या मधी उभी. मागून बायका वरडायल्या. मी रडायले." या बाईसारखी मोळी टोळीत कुणी बांधत नाही. वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पात्याचा, वेढा एका हातानं आवळायच्या त्या, दुसऱ्या हातानं पुढचा ऊस गोळा करत. आता मुकादमानं सांगितलं होतं, संक्रांतीपर्यंत बघतो, नाहीतर केसरबाईला म्हणावं पोरीला धाड.

मी म्हणालो, वैनी, गोळ्यांनी गुठळी वर सरकली तर माणूस जागेवर जातं.

"जाऊ द्या की. पाय गेला तर एका पायानं वढीन. कोयता मोडला तर मी कुठं जाऊ, ते सांगा तुमी. तेवढं सांगा, मंग गोळ्या नका देऊ."

मी म्हणालो, गोळ्या देणार नाही, आणि फोन ठेवला. मग भीती वाटली की दुसऱ्या कुठल्या दुकानातून त्या घेतील. ते अवघड नाही, आमच्या धंद्यात माझ्यापेक्षा हुशार माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी शटर अर्ध्यावर ओढून मी अंबाजोगाईला मंजुषा मॅडमकडं गेलो. पट्ट्यांचा माल कुठंच नव्हता. घाऊकवाले म्हणत होते, कंपनीकडून येणं थांबलंय. मॅडमनी तेच औषध जेलमध्ये लिहून दिलं. दंडावर चोळायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग झाकायचं. तासभर तरी तिथं दुसऱ्या कुणाचं अंग लागता कामा नये, नाहीतर औषध त्याच्या अंगात जातं. त्यात स्पिरिट असतं, म्हणून ओलं असताना चुलीजवळ जायचं नाही. फरक कधी पडेल म्हणून विचारलं तर म्हणाल्या, दोन-तीन आठवडे धरा. संक्रांत सहा दिवसांवर होती.

मी टोळीच्या तळावर पोचलो तेव्हा टोळी नुकतीच फडातून परतली होती. पाचटाच्या कोप्यांपुढं चुली पेटल्या होत्या. हनुमानभाऊनं मला बघितलं आणि लगेच सदरा वर केला. पाठीच्या खाली, बरोबर मधोमध, वैनींची शेवटची पट्टी.

"गुण हाय बे सिदू हिला," तो म्हणाला. मग जवळ येऊन हळूच, "फक्त छाती ठणकायलीय जराशी. मोळ्या उचलून आसंल का?"

एरवी मी यावर महिनाभर हसलो असतो. पण कोपीच्या तोंडाशी वैनी बसल्या होत्या. हनुमानभाऊचा जुना लांब बाह्यांचा सदरा लुगड्यावर चढवलेला, फडात बायका घालतात तसा. डोळे आत गेलेले, डावा पाय विटेवर ठेवलेला. कपाळावरचा घाम त्या पुसत होत्या आणि मी स्वेटरमध्ये कुडकुडत होतो. माझ्या हातातल्या बाटलीकडं त्यांनी बघितलं, पण काय आहे ते विचारलं नाही.

हनुमानभाऊनं विचारलं. आणि माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, सांधेदुखीचं मलम.

"नका, भाऊजी," वैनी म्हणाल्या. "हे बी ते कमरेला चोळतील."

मग त्यांनी स्वतःच सांगितलं. आवाज न चढवता, चुलीतली लाकडं सारखी करत. पिशवीबरोबर काय काय काढलं, गोळ्या कशाच्या होत्या, त्या का बंद झाल्या, पट्टीत काय असतं. लाजेनं त्यांनी माझ्याकडं पाठ केली होती. हनुमानभाऊ ऐकत राहिला. सगळं झाल्यावर त्यानं पाठीमागं हात घालून पट्टी सोलून काढली, उलटीपालटी करून बघितली आणि बायकोपुढं धरली. तिला आता नुसती माती चिकटत होती.

"मंजी तुपलं औषध मी लावत व्हतो," तो म्हणाला. "कावून बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर?"

त्याच्या आईचा सकाळीच फोन येऊन गेला होता, बहिणीच्या पोरीला धाडू का म्हणून, हे मला नंतर कळलं. जरा वेळानं मला बाजूला घेऊन त्यानं एवढंच विचारलं की छातीचं काही होणार का. मी म्हणालो, चार पट्ट्यांनी काही होत नाही, आपोआप जाईल. तो म्हणाला, मला काही झालं तर झालं, पण हिच्या चार पट्ट्या गेल्या.

जेल कसं लावायचं ते मी या वेळी दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं. संध्याकाळी हातपाय धुतल्यावर लावायचं. वाळेपर्यंत चूल हनुमानभाऊनं बघायची. नंतर लांब बाह्यांचा सदरा, आणि रात्री त्यानं पलीकडं तोंड करून झोपायचं. वाकळ एकच आहे, तो म्हणाला. मी म्हणालो, मधी उसाची मोळी ठेव. वैनी कोपीच्या मागं गेल्या आणि दंडाला जेल लावून, हात अंगापासून लांब धरून, थंड वाऱ्यात उभ्या राहिल्या. मी म्हणालो, वैनी, बुजगावणं झालंय तुमचं. त्या म्हणाल्या, मंग पाखरं कावून भेईनात, तुमी आलाव की. आवाजात जीव नव्हता, पण बोलल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. मी रोज फोन करायचो, रोज तेच. झोप नाही. हात थरथरतात. एकदा वाढं छाटताना कोयत्याची धार अंगठ्याला लागली आणि पातळ झालेलं रक्त थांबेना, चिंधीवर चिंधी बांधावी लागली. केसरबाईंनी मला दुकानात गाठून सांगितलं की तळावर जाशील तेव्हा बहिणीच्या पोरीला गाडीवर सोड. मी म्हणालो, गाडी पंक्चर आहे. त्या म्हणाल्या, संक्रांतीपर्यंत निघंल की पंक्चर. त्या दिवशी मी वैनींना फोन केला नाही. काय सांगायचं होतं मला?

भोगीच्या दिवशी हनुमानभाऊचा फोन आला. म्हणाला, "खरी कंबरदुखीची पट्टी आन. मोठी आन. लांबून दिसंल अशी." आणि ठेवून दिला. मी तीन नेल्या.

संक्रांतीच्या दिवशी मुकादम तळावर आला तेव्हा मी तिथंच होतो. हनुमानभाऊ कोपीपुढं उघडा पालथा पडला होता, पाठीवर माझ्या तीन पट्ट्या ओळीनं. शेजारी वैनी, अंगठ्याला चिंधी, सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढलेली. मुकादमानं गाडीवरूनच विचारलं, बाईचं काय करायचं ठरलं.

"बाईचं काय करायचं?" हनुमानभाऊ पडल्या पडल्या म्हणाला. "कंबर मपली गेलीय, मुकादम. ती एकटी दोघांचं वढायलीय म्हणून मोळ्या कमी. मपल्या जागी गडी बघा, आसंल तर."

टोळीतले दोघं-तिघं हसले. बायकोच्या जिवावर कोयता चालवतो म्हणाले. आमच्याकडं गड्यानं असं चारचौघांत म्हणून घेणं सोपं नाही. हनुमानभाऊनं ते ऐकून घेतलं, मान तशीच मातीत.

मुकादम खाली उतरला. पट्ट्या बघितल्या. मग माझ्याकडं वळला.

"व्हय, ती डबी. बाजारच्या दिवशी तूच म्हणला होतास. ह्याच्यासाठी होती का ती?"

मी म्हणालो, ह्याच्यासाठीच. आयुष्यात पहिल्यांदा माझं हुशारीचं बोलणं कुणाच्या तरी कामी आलं, तेही दोन महिने उशिरा.

मुकादमानं मग केसरबाईंच्या बहिणीच्या पोरीचं नाव काढलं नाही. बाई बदलून गड्याची कंबर बरी होत नाही. पण तो काही साधा माणूस नाही. त्यानं दुसऱ्या दिवसापासून ह्यांना लोळलेल्या उसाचा फड दिला. आडवा पडलेला, एकमेकांत गुंतलेला ऊस, तोडायला दुप्पट कष्ट. आणि पुढच्या वर्षी ह्या कोयत्याला उचल नाही, हेही सांगून गेला. वैनी त्या रात्री पुन्हा रडल्या. हनुमानभाऊ म्हणाला, हे औषधानं का मुकादमानं? त्या म्हणाल्या, दोन्हीनं.

मी परवा जाऊन आलो. त्या लोळलेल्या फडातच होत्या. झोप आता अर्धी रात्र लागते. भट्टी पेटते, पण रोज नाही. मोळी कुठं न्यायची ते आठवतं. पायाला संध्याकाळी अजून सूज चढते. जेलची पुढची बाटली येईल का, पुढच्या वर्षी कोण कामाला घेईल, केसरबाई किती दिवस गप्प बसतील, यातलं काहीच ठरलेलं नाही. मुकादमाची गाडी वाजली की हनुमानभाऊ कमरेवर हात ठेवून वाकतो. आता सवयीनं ट्रॅक्टर आला तरी वाकतो.

निघताना वैनींनी हाक मारली. मला वाटलं लग्नाचं काढतात.

"भाऊजी, जेल चांगलं हाय. पर माझ्या चार पट्ट्या तुमच्याकडं लागतात. तुमच्या तोंडानं गेल्यात त्या."

मी घाऊकवाल्याला दर आठवड्याला विचारतो. माल अजून आलेला नाही.